पेणच्या वाचनालयातलं रोह्याचं घुबड

मी राहते रोह्याला आणि नोकरी करते पेणला, एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर पुस्तकं वाचत बसत असेल. खरं सांगायचं तर माझा अर्धा दिवस पंखा कोणी बंद केला आणि पेपरातलं कोडं कोणी पेनने सोडवून टाकलं, या चौकशीत जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसात पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि परत न आणणाऱ्यांना फोन करायचे. अशा नोकरीत माझ्या हातून काही नाव घेण्याजोगं घडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घडलं ते एका घुबडामुळे.

आमच्या आळीत, चार घरं सोडून, एक मुसलमान आजी राहतात; सगळी आळी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण आवाज असा की त्यांनी ओट्यावरून हाक मारली की कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा वळून बघतो. दोन्ही मुलगे गल्फला. त्यांनी त्या वर्षी घराचं काम काढलं होतं. नवी फरशी, नवं स्वयंपाकघर, माळ्याची खोली. माळा रिकामा करायची वेळ आली तेव्हा खालांना माझी आठवण झाली. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर त्यांची हाक आली.

"बाय, तू पुस्तकवाली ना? ये गो इकडं. माळ्यावर पुस्तकं हायत. तुला हवीत ती ने, नायतर मिस्तरी त्यांच्यावर सिमेंट कालवतील."

मी गेले. एका पेटाऱ्यात उर्दू पुस्तकं होती, शाळेची जुनी क्रमिक पुस्तकं होती, एक नकाशांचं पुस्तक होतं. सगळ्यांच्या खाली हातभर लांबीची पत्र्याची नळी होती, दोन्ही टोकांना झाकण असलेली. मी ती उचलली तशा खाला म्हणाल्या, "त्यात घुबड हाय. घाबरू नको."

"घुबड?"

"कागदाचं गो! उघड."

मी झाकण काढलं. आतला कागद इतका जुना होता की तो उलगडायला आम्ही दोघी जमिनीवर बसलो. खालांनी एक कडा धरली, मी दुसरी, आणि हळूहळू एक घुबड आमच्यासमोर उभं राहिलं. गव्हाणी घुबड. पांढरा चेहरा, अगदी विड्याच्या पानाच्या आकाराचा. पाठीचा रंग भाजलेल्या पापडासारखा, त्यावर बारीक बारीक ठिपके. एकेक पीस इतकं निगुतीनं रंगवलेलं की फुंकर घातली तर हलेल असं वाटलं. उजवा डोळा काळाभोर, चमकदार. डाव्या डोळ्याच्या जागी मात्र कसरीने खाल्लेलं भोक होतं. त्या भोकातून खालांची नवी फरशी दिसत होती.

"आमच्या ह्यांच्या पणजोबांनी काढलेलं हाय," खाला म्हणाल्या. "साहेबाच्या वेळेला ते मोजणीखात्यात नकाशे काढायचे. त्यांच्या साहेबाला पाखरांचा नाद. म्हणून नकाशे झाले की पाखरं काढायला लावायचा. बाकीची सगळी चित्रं साहेब घेऊन गेला. हे एकच ऱ्हायलं."

"हेच का राहिलं?"

"कुणाला म्हायत! माझे सासरे ते भिंतीवर लावू देत नव्हते आणि टाकूपण देत नव्हते. म्हणायचे, खाली कायतरी लिवलंय, ते वाचल्याबिगर टाकायचं नाय."

चित्राखाली खरंच काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक, पळत्या अक्षरात चार ओळी. मोडी लिपी होती एवढं मला कळलं, पण त्यापुढे अक्षरशः एक अक्षरही कळलं नाही.

"मग वाचून घेतलं नाही कोणाकडून?"

"कोण वाचणार? ज्यांना येत होतं ते गेले, जे ऱ्हायले ते दुबईला गेले." खाला मोठ्याने हसल्या. मग चित्राकडे बघत म्हणाल्या, "तू ने. तुमच्या वाचनालयात लाव. चार लोकांनी बघितलं तर कुणीतरी वाचेल."

दुसऱ्या दिवशी ती नळी मांडीवर घेऊन मी रोह्याहून मेमू गाडीने निघाले. समोर कंपनीत शिफ्टला जाणारे दोघेजण बसले होते. नागोठणं येईपर्यंत ते नळीकडे बघत होते. शेवटी एकाने विचारलंच, "मॅडम, क्रिकेटची बॅट हाय काय?" मी म्हटलं, "घुबड आहे." त्यानंतर पेण येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वकील आहेत. चांगला माणूस, पण कुठलीही गोष्ट लेखी असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. चित्र बघून ते हरखून गेले आणि लगेच म्हणाले, "मालकीणबाईंचं पत्र आणा. चित्र दिलं की फक्त दाखवायला दिलं, हे त्यात स्पष्ट हवं." मी खालांना फोन लावला. खाला म्हणाल्या, "लिव तू काय लिवायचं ते, मी सही करते." मग त्यांनी "दाखवायला दिले आहे" अशा मजकुराखाली उर्दूत सही केली आणि अध्यक्षांचं समाधान झालं.

प्रश्न उरला डाव्या डोळ्याचा. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की भोक असलेलं चित्र लावणं बरं दिसत नाही. "पेणमध्ये राहून डोळा काढणारा माणूस मिळत नाही म्हणजे काय?" ते म्हणाले. ते खरंच होतं. आमच्या गावात गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने, आणि डोळ्यांची आखणी करणारी माणसं तर अशी की दिवसाला कितीतरी मूर्ती त्यांच्या हातून बघायला लागतात. माझ्या ओळखीची एक बाई अशी आखणी करते. वाचनालयातून ती दर आठवड्याला दोन कादंबऱ्या नेते आणि रंगाचे ठिपके पाडून परत आणते. मी तिला बोलावलं.

ती दुपारच्या सुट्टीत आली, हात धुऊन, पदराला पुसून. चित्रासमोर बसली आणि मान इकडे-तिकडे वाकवून न्याहाळू लागली. मला वाटलं, रंगाचा अंदाज घेत असेल.

"भरशील ना डोळा?" मी विचारलं.

"नाय भरणार."

"का गं? अवघड आहे?"

"अवघड नाय. पण दुसऱ्याच्या हातचा डोळा आहे तो. इकडं या, बघा." तिने बोटाने चित्राला स्पर्श न करता उजवा डोळा दाखवला. "ह्या काळ्यात पांढरा ठिपका दिसतो? तो ठिपका नाय. नीट बघा. खिडकी आहे."

मी वाकून बघितलं. मग भिंग आणून बघितलं. मोहरीएवढ्या त्या पांढऱ्या जागेत खरोखरच उभी एक रेघ आणि आडवी एक रेघ होती. चार तावदानांची खिडकी.

"पाखरू घरात होतं," ती म्हणाली. "खिडकीसमोर बसलं होतं. आणि जितं होतं. मेलेल्याच्या डोळ्यात अशी खिडकी पडत नाय, डोळा मळून जातो. मी मासळी बघते ना रोज बाजारात! हा माणूस समोर बसून, जसं दिसलं तसं काढत होता. दुसऱ्या डोळ्यात त्याला काय दिसलं ते मला कसं ठाऊक? मी माझी खिडकी काढली तर ती खोटी."

अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा त्यांनीही भिंग मागवलं आणि खिडकी बघितली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुराव्यात भर घालता येत नाही." मग भोकामागे फक्त एक साधा कागद लावून, काचेच्या चौकटीत, घुबड एका डोळ्यानिशी वाचनकक्षाच्या आतल्या भिंतीवर लागलं, जिथे ऊन पोहोचत नाही. खाली मी पाटी लिहिली: 'घुबड. मोजणीखात्यातील एका रोहेकर नकाशाकाराने काढलेले जुने चित्र. चित्राखालील मोडी मजकूर कोणास वाचता येत असल्यास कृपया ग्रंथपालांना भेटावे.'

दुसऱ्या दिवशी मला भेटायला पहिले आले ते कंट्रोलरकाका. मजकूर वाचायला नव्हे, तक्रार करायला.

कंट्रोलरकाका म्हणजे एसटीच्या स्टँडवर सगळी हयात गाड्यांच्या वेळा सांगण्यात घालवलेले गृहस्थ. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभे. मला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळ दाखवून म्हणायचे, "बाई, गाडी लेट आहे." सगळे पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत आणि घरी जाताना नीट घड्या घालून ठेवत. अशा वाचकावर ग्रंथपालाचा जीव असतो.

"बाई, हे काय लावलंत?" ते म्हणाले. "सकाळी उठून माणूस दोन चांगल्या बातम्या वाचायला येतो. इथे समोर घुबड!"

"काका, चित्र आहे. जुनं आहे, किती सुंदर आहे बघा तरी."

"मी बघितलं तेवढं पुरे झालं. विद्येच्या जागी अशुभ पक्षी लावायचा नसतो."

मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "अहो काका, लक्ष्मीचं वाहन म्हणतात त्याला." काका तिकडे न बघता म्हणाले, "मग लक्ष्मी घेऊन येईल त्या दिवशी लावा." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, चित्राकडे पाठ केली आणि पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी मात्र ते आले नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत.

बाकी लोकांचं चित्राशी छान जुळलं होतं. शाळेच्या मुली येऊन डोळ्यातली खिडकी शोधायच्या आणि सापडली की किंचाळायच्या, मग मला त्यांना गप्प करावं लागायचं. धरमतरकडचा एक शेतकरी बायकोचं काही काम तहसीलला होतं म्हणून आला होता, तो चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "आमच्या खाडीकाठच्या खारीत हायत ना ही. बांधात उंदीर बिळं करतात, खारं पाणी शेतात शिरतं. हा पठ्ठ्या बसला का उंदीर गेला. ह्याला अशुभ कोण म्हणतो?" पण ज्यांनी म्हटलं होतं त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि सकाळी कुलूप काढताना दारात कोणी घड्याळ दाखवत नव्हतं. मला करमेना. अध्यक्षसुद्धा एकदा म्हणाले, "जुना वाचक आहे. वाटलं तर चित्र माझ्या खोलीत लावू." मी म्हटलं, "आठ दिवस द्या."

मोडी वाचणारंही कोणी मिळत नव्हतं. मी अलिबागला एका ओळखीच्या बाईंना फोटो पाठवला, त्यांनी पुढे कोणाला पाठवला, तिथून हात जोडल्याचं चित्र परत आलं. तेवढंच.

शेवटी एका दुपारी मी कंट्रोलरकाकांच्या घरी गेले. स्टँडच्या मागे त्यांचं घर. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून आनंदाने म्हणाल्या, "या, या! घेऊन जा ह्यांना. सकाळपासून घरात बसतात आणि मी कुकर कधी लावला, शिट्टी किती वाजता झाली, सगळ्याची नोंद ठेवतात."

काका झोपाळ्यावर होते. मला बघून अवघडले. मी घुबडाचा विषय काढायचा नाही असं ठरवून गेले होते, पण काकांनीच काढला.

"तुम्हाला वाटेल म्हातारा हट्टी आहे," ते म्हणाले. "मी सात-आठ वर्षांचा होतो. गावच्या घरी संध्याकाळी असंच पांढऱ्या तोंडाचं घुबड येऊन कौलावर बसायचं. ओळीने तीन दिवस बसलं. आजी म्हणाली, हे कोणाला तरी घेऊन जाणार. मोठ्या भावाला ताप होताच. तो गेला." त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "ताप होता म्हणून गेला, हे मला कळतं, बाई. पण ते तोंड समोर आलं की आजीचा आवाज ऐकू येतो."

काकूंनी आणलेला चहा आम्ही प्यायलो. उठताना सहज म्हणून मी काकूंना सांगितलं, की चित्राखाली मोडी आहे आणि ती वाचणारं कोणी मिळत नाही.

"मोडी?" काकू म्हणाल्या. "अहो, मग ह्यांना विचारा की! सासरे तलाठी होते. ह्यांना समोर बसवून मोडी गिरवून घ्यायचे. अजून किराण्याची यादी मोडीत लिहितात आणि मग दुकानदार मला फोन करतो."

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

"मी त्या चित्राकडे बघणार नाही," ते म्हणाले.

"नका बघू," मी म्हटलं. मोबाइल काढला, फोटो उघडला आणि घुबडावर तळहात ठेवून फक्त खालच्या ओळी त्यांच्यापुढे धरल्या. काकांनी चष्मा बदलला. आधी ओठ हलले, मग आवाज आला, स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तसा एकसुरी.

"घुबड मादी. मुक्काम रोहे. जिवंत पाहोन काढिले." मान वर न करता ते पुढे गेले. "तीन रोज घरी ठेविले."

इथे ते थांबले.

"घरी? तीन दिवस घुबड घरात ठेवलं होतं?"

"दिसतंय तर तसंच."

"आणि त्या घरात... पुढे काय झालं?"

"काही नाही झालं, काका," मी म्हटलं. "चित्र काढणारे पणजोबा खूप म्हातारे होऊन गेले, असं घरचे सांगतात. त्यांची पणतसून माझ्या शेजारी राहते. मुलं, नातवंडं, सगळं भरलेलं घर आहे. आता नवी फरशी घातलीय."

काकांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. कडी कुरकुरली. मग त्यांनी बोटाने हळूच माझा हात बाजूला सारला आणि फोटोतलं घुबड बघितलं. पुन्हा ओळींवर आले.

"उंदीर दिल्हे ते खादले." आता त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बघा, नोंद कशी चोख आहे! चवथे रोजी सांजवेळी सोडिले. गेले." मग त्यांनी मोबाइल जवळ नेला, लांब नेला, वाकडा धरला. "पुढे अजून एक ओळ आहे. साहेबास, असं काहीतरी आहे. त्यावर डाग आलाय. फोटोवरून सांगता येणार नाही. अंदाजाने सांगितलेलं मला चालत नाही. समोर बघावं लागेल."

"मग जा की समोर!" काकू म्हणाल्या.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असं ठरलं. मी घरी जाऊन खालांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी येणार. माझ्या घरचं घुबड आणि मी नाय?" सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. खालांनी नवा बुरखा घातला होता आणि सगळ्यांसाठी डबाभर खारी-गोड नानखटाई घेतली होती. गाडीत त्यांनी समोरच्या तीन बायकांना सगळी हकिगत सांगितली. त्यातली एक म्हणाली, "मला पेणला उतरायचं नाय, पण आता काय लिवलंय ते कळल्याबिगर झोप नाय यायची," आणि तिने माझा नंबर घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा कंट्रोलरकाका दारात उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं. "बाई, गाडी लेट आहे." मला इतकं बरं वाटलं की मी हसतच कुलूप काढलं.

अध्यक्ष कोर्टात जायच्या आधी आले. आखणीवालीसुद्धा कारखान्यातून पळत आली, कोपरापर्यंत गुलाबी रंग तसाच. आम्ही चौकट खाली उतरवून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. काका खुर्ची ओढून बसले, एकदा घुबडाच्या तोंडाकडे बघितलं, खाकरले आणि भिंग घेऊन शेवटच्या ओळीवर वाकले. पेपर वाचणारेही पेपर सोडून टेबलाभोवती जमले.

"साहेबास," काका म्हणाले. "साहेबास कळविले की..." भिंग पुढे-मागे झालं. "थांबा. आधीच्या ओळीत 'गेले' आहे. हे ते नव्हे. वळण वेगळं आहे." त्यांनी हवेत बोटाने अक्षर गिरवून बघितलं. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय की काय. पण काका हसत होते. इतके हसत होते की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"साहेबास कळविले की मेले!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग आखणीवालीने टाळी वाजवली. "सोडून दिलं आणि साहेबाला सांगितलं मेलं!"

"पेंढा भरायला मागितलं असणार साहेबाने," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हाची तीच पद्धत होती. आणि ह्या गृहस्थांनी... म्हणजे हा सरकारी नोकराने वरिष्ठांची दिशाभूल केल्याचा लेखी कबुलीजबाब आहे!"

"तरीच चित्र घरात ऱ्हायलं!" खाला म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या, आता टेबलाला धरून हळूच बसल्या. "साहेबाला दिलं असतं तर हे वाचून नोकरी गेली असती. आणि सासरे म्हणायचे आमचं खानदान कधी खोटं बोललं नाय." त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. "एका पाखरासाठी बोलला गो म्हातारा. एका पाखरासाठी."

त्यांनी तिथल्या तिथे कुवेतला व्हिडिओ कॉल लावला. वाचनकक्षात मोबाइलवर बोलायला सक्त मनाई आहे, ती पाटी मीच लिहिलेली आहे. मी त्या पाटीकडे पाठ करून उभी राहिले. पलीकडे मुलगा कामावर होता, डोक्यावर हेल्मेट. खालांनी त्याला काकांकडून सगळ्या ओळी पहिल्यापासून ऐकवल्या. काकांनी त्या यावेळी एकसुरी वाचल्या नाहीत. "उंदीर दिल्हे ते खादले" याला तर त्यांनी असा झोका दिला की मुलाच्या मागे उभे असलेले दोघे-तिघेही हसायला लागले. त्यांना मराठी कितपत कळत होतं कोण जाणे!

नंतर पाटीवरून वाद झाला. मला सगळा मजकूर पाटीवर हवा होता. अध्यक्षांना शेवटच्या ओळीची काळजी वाटत होती. शाळेची मुलं येतात, त्यांनी काय बोध घ्यायचा? कंट्रोलरकाका म्हणाले, "वकीलसाहेब, मी आयुष्यभर रजिस्टर लिहिलं. खोटी नोंद कधी केली नाही. हा माणूससुद्धा माझ्याच जातीचा. साहेबाला तो खोटं बोलला असेल, कागदावर खोटं लिहिलं नाही. जे केलं ते सगळं लिहून ठेवलं. ही नोंद अर्धी लावायची असेल तर मी वाचलीच नाही असं समजा." अध्यक्षांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "संपूर्ण मजकूर लावा. कागदपत्र अर्धं सादर करता येत नाही."

पूर्ण मजकूर लागला. त्या संध्याकाळी मी गाडीतल्या त्या बाईला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "शाब्बास त्या आजोबांची."

खालांनी चित्र मग वाचनालयातच राहू दिलं. मुलांनी फोनवर म्हटलं होतं, घरी नव्या हॉलमध्ये लावू. खाला म्हणाल्या, "तुमच्या हॉलमध्ये टीव्ही लावा. हे तिथंच बरं हाय, चार लोक वाचतात." अध्यक्षांनी नवं पत्र तयार केलं, खालांनी पुन्हा उर्दूत सही केली.

कंट्रोलरकाकांची खुर्ची आता चित्राकडे पाठ करून नसते. ती खिडकीजवळ असते, आणि चित्र बघायला आलेल्या माणसाला उठून ते स्वतः मजकूर वाचून दाखवतात. एकदा मी त्यांना विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?" ते म्हणाले, "वाटते थोडी. पण आजीच्या आवाजाबरोबर आता ह्याचापण आवाज येतो. उंदीर दिल्हे ते खादले. मग हसू येतं."

त्यांच्याच डोक्यातून मोडीचा वर्ग निघाला. रविवारी सकाळी, वाचनालयातच. मी जेमतेम तीन माणसं धरली होती, अकरा आली. पहिल्या बाकावर आखणीवाली, तिचं वळण पहिल्या दिवसापासून आमच्या सगळ्यांपेक्षा सुरेख. तिच्या शेजारी खाला, रोह्याहून गाडीने येऊन, नवी वही आणि दोन पेनं घेऊन. काका फार कडक शिकवतात. आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतात, मग त्या रेघांखाली अक्षरं लोंबकळवायला लावतात, हात न उचलता.

गेल्या रविवारी माझा 'ज' बिघडला म्हणून त्यांनी मला तो दोन पानं गिरवायला लावला. ग्रंथपाल असण्याचा काही उपयोग झाला नाही. खालांचा मात्र एकही चुकला नव्हता. त्यांनी वही वर धरून सगळ्यांना दाखवली.

"हे बरं हाय," त्या म्हणाल्या, "पेन उचलायलाच लागत नाय. माझ्यासारखंच. एकदा सुरू झालं का थांबायचं नाव नाय."

"थांबायला शिकवतो पुढच्या रविवारी," काका म्हणाले, आणि फळ्यावर नवीन रेघ ओढायला वळले.